विश्लेषण : केस नेमके का गळतात? विकरे आणि पेशीमृत्यू यांचा टकलाशी संबंध काय?

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात जानेवारी २०२५ मध्ये अनेकांना काही दिवसांतच टक्कल पडू लागले आणि राज्यभर खळबळ उडाली. त्याच वर्षी मे महिन्यात युरोपीय औषध नियामकांच्या समितीने टकलावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या फिनास्टेराइड या गोळीबाबत गंभीर मानसिक दुष्परिणामांचा इशारा दिला. वरवर पाहता या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मात्र दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींनी कधी वाढायचे आणि कधी मरायचे, हे ठरवते कोण? त्याचे उत्तर बऱ्याच अंशी विकरांमध्ये, म्हणजेच एन्झाइममध्ये दडलेले आहे. कोणते विकर बिघडले आणि कोणती पेशी मेली, यावर गेलेले केस परत येणार की नाही हे अवलंबून असते.

शेगाव तालुक्यात नेमके काय घडले?

बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत सुरुवातीचे रुग्ण आढळले. आधी डोक्याला खाज, मग केस हातात येणे आणि तीन-चार दिवसांत टक्कल, असा क्रम रुग्ण सांगत होते. त्यात मुलेही होती आणि वृद्धही, पुरुष होते तशा स्त्रियाही. काहींनी मुंडण करून घेतले, मुलांनी शाळेत जाणे टाळले, ठरत आलेली लग्ने अडल्याच्या बातम्या आल्या. हा भाग पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातला असल्याने पहिला संशय पाण्यावर गेला. बुरशीचा संसर्ग, शाम्पू अशाही शक्यता चर्चेत आल्या. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची पथके गावांत दाखल झाली आणि रक्त, केस, पाणी, माती यांचे नमुने घेण्यात आले.

विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉक्टर, पद्मश्री हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे तपासणी केली. १८ गावांतील २७९ जणांना हा त्रास झाला होता. बावस्कर यांच्या निष्कर्षानुसार बाधितांच्या रक्तात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट होते, तर जस्त कमी होते. त्यांनी बोट ठेवले ते स्वस्त धान्य दुकानांतून आलेल्या गव्हावर. या गव्हाच्या नमुन्यात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळल्याचे त्यांनी सांगितले. सामान्यतः हे प्रमाण १.९ मिलिग्रॅमच्या आत असते. आयसीएमआरच्या तपासणीतही रुग्णांमध्ये सेलेनियम वाढलेले आढळल्याचे वृत्त आले. एप्रिलमध्ये याच परिसरातील काहींची नखे विद्रूप होऊन गळू लागली. केस आणि नखे एकामागोमाग जाणे हे सेलेनियमच्या विषबाधेचे जुने, ओळखीचे लक्षण आहे.

आकडा किती मोठा आहे, हे साध्या हिशेबाने कळते. दिवसाला ३०० ग्रॅम असा गहू पोटात गेला तर सुमारे ४.३ मिलिग्रॅम, म्हणजे ४,३०० मायक्रोग्रॅम सेलेनियम शरीरात जाते. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज ४० ते ५५ मायक्रोग्रॅम एवढीच असते आणि अमेरिकेत ठरवलेली सुरक्षित कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम आहे.

केस जिवंत असतो की मृत?

डोक्यावर दिसणारा केस मृत असतो. म्हणूनच तो कापताना दुखत नाही. जिवंत भाग असतो तो त्वचेच्या आत, केशपुटकात. ज्या इवल्याशा पिशवीतून केस उगवतो, ते हे केशपुटक. त्याच्या तळाशी पॅपिला नावाचा पेशींचा पुंजका असतो आणि त्याच्याभोवती भराभर विभागणाऱ्या पेशी असतात. या पेशी वर सरकत जातात, केराटिन या प्रथिनाने भरत जातात, आपले केंद्रक गमावतात आणि शेवटी मरून कडक होतात. या मेलेल्या, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींची दोरी म्हणजेच केस.

हे मरण आपोआप येत नाही. प्रथिनांची रचना बदलणारे एक विकर आणि त्यांना एकमेकांशी सांधणारे ट्रान्सग्लुटामिनेज हे दुसरे विकर वेळेवर काम करते, तेव्हाच केसाला सरळ, मजबूत आकार येतो. काही मुलांचे केस जन्मापासून ताठ उभे राहतात आणि कितीही विंचरले तरी बसत नाहीत. या दुर्मीळ स्थितीचे मूळ याच विकरांच्या जनुकांतील बिघाडात असल्याचे २०१६ मध्ये स्पष्ट झाले. थोडक्यात, पेशींचा मृत्यू झाल्याशिवाय केस तयारच होत नाही. प्रश्न असतो तो चुकीच्या वेळी, चुकीच्या पेशी मरण्याचा.

पेशी ठरवून मरतात म्हणजे काय?

भाजल्यामुळे किंवा रक्तपुरवठा तुटल्यामुळे पेशी मरते तेव्हा ती फुटते, आतील द्रव्य बाहेर येते आणि आजूबाजूला दाह होतो. पण शरीरात रोज कोट्यवधी पेशी गाजावाजा न करता, शिस्तीने मरत असतात. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलस्टेअर करी या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये अशा मृत्यूला अ‍ॅपॉप्टोसिस हे नाव दिले. झाडाची पाने किंवा फुलाच्या पाकळ्या गळणे, असा या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे. पानगळीत झाड मरत नाही. उलट पुढच्या पालवीची ती तयारी असते. केसांच्या बाबतीत ही उपमा अगदी तंतोतंत लागू पडते. या मृत्यूमागची जनुकीय यंत्रणा उलगडण्याच्या कामाला २००२ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला.

ही शिस्त राखतात ती कॅस्पेज नावाची विकरे. एरवी ती पेशीत निष्क्रिय अवस्थेत पडून असतात. मरणाचा संदेश मिळाला की आधी कॅस्पेज-८ किंवा कॅस्पेज-९ जागे होते, ते पुढे कॅस्पेज-३ सारख्या विकरांना कामाला लावते आणि ही विकरे पेशीतील प्रथिने कात्रीने कापावीत तशी कापत जातात. पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. हा संदेश अडवून धरणारी प्रथिनेही असतात. पेशीचे जगणे-मरणे या दोन बाजूंच्या ओढाताणीतून ठरते.

केसांचे चक्र कसे चालते?

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांतील ८५ ते ९० टक्के केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. ही अवस्था दोन ते सहा वर्षे चालते आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. नंतर दोन-तीन आठवड्यांची उतरणीची अवस्था येते. या काळात केशपुटकाच्या खालच्या भागातील पेशी कॅस्पेजच्या मार्गाने मरतात आणि केशपुटक वर आक्रसते. त्यानंतर सुमारे तीन महिने विश्रांती आणि मग जुना केस पडून नवा उगवतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणे म्हणूनच नैसर्गिक समजले जाते.

या उतरणीत दोन गोष्टी मात्र शाबूत राहतात. एक, तळाची पॅपिला. तिच्या पेशींत मृत्यू रोखणारी प्रथिने भरपूर असतात. दुसरी, केशपुटकाच्या वरच्या भागातील मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल. याच पेशी पुढच्या फेरीत खालचा भाग नव्याने बांधतात. त्यामुळे गळलेला केस परत येईल का, या प्रश्नाचा खरा अर्थ ‘मूळपेशी जिवंत आहेत का आणि पॅपिला त्यांना हाक देत आहे का’, असा होतो.

मग सेलेनियमने केस का जातात?

सेलेनियम हे स्वतः विष नाही. ते शरीराला हवेच असते, पण अगदी थोडे. मानवी शरीरात सेलेनियम असलेली २५ प्रथिने आहेत आणि त्यांतील बरीच विकरे आहेत. ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज हे त्यांतील महत्त्वाचे कुटुंब. पेशीत तयार होणाऱ्या घातक ऑक्सिडीकारक द्रव्यांना निष्प्रभ करणे आणि पेशीची आवरणे वाचवणे, हे त्याचे काम. या कुटुंबातील एक विकर त्वचेच्या पेशींतून काढून टाकले तेव्हा उंदरांच्या केशपुटकांची वाढ बिघडली आणि केस गेले, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. म्हणजे सेलेनियम कमी पडले आणि ही संरक्षक विकरे तयार झाली नाहीत, तर केसांच्या पेशी मरतात.

प्रमाण खूप वाढले तरी परिणाम वाईटच होतो. सेलेनियम आणि गंधक ही रासायनिकदृष्ट्या भावंडे. केराटिनला बळकटी मिळते ती गंधकाच्या सांध्यांमुळे. सेलेनियम अती झाले की ते गंधकाच्या जागी घुसते आणि केस-नखे ठिसूळ होतात. शिवाय जास्तीचे सेलेनियम स्वतःच ऑक्सिडीकारक ताण वाढवते आणि झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना मृत्यूकडे ढकलते. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातील सर्वात वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी असल्याने पहिला फटका त्यांना बसतो.

हे यापूर्वीही घडलेले आहे. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात सेलेनियमयुक्त जमिनीतील धान्य-भाज्या खाल्ल्याने गावेच्या गावे केस आणि नखे गमावून बसली होती. अमेरिकेत २००८ मध्ये एका द्रवरूप पूरक आहारात लेबलवर लिहिल्यापेक्षा सुमारे २०० पट सेलेनियम गेले आणि दहा राज्यांतील २०१ जणांना त्रास झाला. त्यांच्यातही केसगळती हे प्रमुख लक्षण होते. पंजाबमधील नवांशहर-होशियारपूर पट्ट्यातील काही जमिनींत सेलेनियम जास्त असल्याचे शेतीशास्त्रज्ञांना अनेक वर्षांपासून माहीत आहे. तेव्हा धान्य कुठल्या जमिनीतून येते, याची नोंद आणि तपासणी रेशन व्यवस्थेत असायला हवी, हा शेगाव प्रकरणाचा धडा ठरतो. दिलाशाची बाब अशी की अनेक बाधितांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले. याचा अर्थ वाढत्या पेशींना फटका बसला, पण मूळपेशी टिकून होत्या.

पुरुषांच्या टकलामागे कोणते विकर?

वयानुसार पुरुषांना पडणाऱ्या टकलाची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. वयात येण्यापूर्वी वृषणे काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, मात्र त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले तर आनुवंशिक कल असलेल्यांना ते पडू शकते, असे अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवले. पण खरा दोषी सापडला तो डोमिनिकन रिपब्लिकमधील एका खेड्यात. तेथील काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांची पुरुषी लक्षणे स्पष्ट होत. ज्युलियन इम्पेराटो-मॅक्गिन्ली यांनी १९७४ मध्ये त्याचे कारण दाखवून दिले. या मुलांत ५-अल्फा रिडक्टेज या विकराची उणीव होती. टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर त्याहून प्रभावी अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये करणे हे या विकराचे काम. ही मुले मोठी झाल्यावर त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहत असे आणि त्यांना टक्कलही पडत नसे.

टक्कल पडण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या डोक्यात डीएचटी पॅपिलाच्या पेशींवर काम करते. त्या पेशी मग वाढ थांबवणारे आणि शेजारच्या पेशींना मृत्यूकडे नेणारे संदेश सोडू लागतात. वाढीची अवस्था वर्षांवरून महिन्यांवर येते, केशपुटक प्रत्येक फेरीत लहान होत जाते आणि जाड केसाच्या जागी लव उरते. डोक्याच्या मागील भागातील केशपुटके मात्र या संदेशांना दाद देत नाहीत. केसरोपणात तेथील केस पुढे आणून लावतात ते याच कारणाने. स्त्रियांच्या कपाळालगतच्या त्वचेत अ‍ॅरोमॅटेज हे दुसरे विकर जास्त असते. ते पुरुषी संप्रेरकाचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. स्त्रियांचे केस विरळ झाले तरी पुढची रेषा बहुधा टिकून राहते, त्यामागील हे एक कारण मानले जाते.

फिनास्टेराइडबाबत इशारा कशासाठी?

५-अल्फा रिडक्टेजला अडवणारे फिनास्टेराइड अमेरिकेत १९९२ मध्ये प्रोस्टेटच्या वाढीसाठी आणि १९९७ मध्ये एक मिलिग्रॅमच्या मात्रेत पुरुषांच्या टकलासाठी मंजूर झाले. त्याने रक्तातील डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी घटते. विकराचे दोन्ही प्रकार अडवणारे ड्युटास्टेराइड ते ९० टक्क्यांहून अधिक घटवते. दोन्ही औषधे घेतली जातात तोवरच काम करतात. थांबवली की विकर पुन्हा सुरू होते.

अडचण अशी की हे विकर फक्त डोक्याच्या त्वचेत नसते. ते प्रोस्टेटमध्ये असते तसेच मेंदूतही असते आणि तेथे मनःस्थितीवर परिणाम करणारी काही द्रव्ये तयार करण्यास मदत करते. कामेच्छा कमी होणे आणि उदासीनता हे दुष्परिणाम यापूर्वीच नोंदवलेले होते. मे २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइड गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे निश्चित केले. तपासलेल्या नोंदींपैकी ३१३ फिनास्टेराइडच्या, तर १३ ड्युटास्टेराइडच्या होत्या आणि बहुतेक टकलासाठी एक मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांच्या होत्या. फिनास्टेराइडच्या एकूण वापराचा अंदाज सुमारे २७ कोटी रुग्ण-वर्षे आहे. म्हणजे धोका विरळा असला तरी तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. मंजूर उपयोगांसाठी औषधाचा लाभ धोक्यापेक्षा अधिक आहे, असेही समितीने म्हटले. मात्र गोळीच्या खोक्यात रुग्णांसाठी सूचनापत्र ठेवण्यास सांगितले. त्याआधी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फार्मसीत मिसळून दिल्या जाणाऱ्या, डोक्याला लावायच्या फिनास्टेराइडबाबत सावध केले. २०१९ ते २०२४ या काळात अशा वापराच्या ३२ तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. लावायचे औषधही रक्तात उतरते आणि घरातील दुसऱ्याच्या त्वचेला लागू शकते.

गर्भवती स्त्रीच्या संपर्कात हे औषध येता कामा नये, कारण पोटातील मुलग्याच्या जननेंद्रियांची वाढ डीएचटीवर अवलंबून असते. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी होणाऱ्या पीएसए चाचणीचा आकडाही या गोळीने जवळपास निम्मा होतो. गोळी चालू असल्याचे डॉक्टरला सांगितले नाही, तर आजार झाकला जाण्याची भीती असते. चार प्रश्नांची उत्तरे टिचकीसरशी भरून ऑनलाइन औषध मागवणाऱ्या तरुणाला यांतील किती गोष्टी कळतात, हा कळीचा मुद्दा आहे.

मिनॉक्सिडिल सगळ्यांना का लागू पडत नाही?

याचे उत्तरही विकरातच आहे. रक्तदाबावरील औषध म्हणून आलेले मिनॉक्सिडिल घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचा हा गुण लक्षात आला. १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावण्यासाठी मंजूर झाले. पण बाटलीतील औषध थेट काम करत नाही. केशपुटकातील सल्फोट्रान्सफरेज हे विकर त्याचे सक्रिय रूप तयार करते. ज्यांच्यात हे विकर मंद असते, त्यांना महिनोन् महिने औषध लावूनही फरक दिसत नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस अधिक गळतात, कारण विश्रांतीतील जुने केस पडून नवे चक्र सुरू होते. याच टप्प्यावर घाबरून अनेक जण औषध सोडतात.

चाई आणि केमोथेरपीत काय बिघडते?

चाई पडते तेव्हा शरीराची प्रतिकारशक्तीच वाढत्या केशपुटकावर हल्ला करते. या पेशींपर्यंत हल्ल्याचा आदेश पोहोचवण्यात जानस कायनेज, म्हणजे जॅक या विकरांचा मोठा वाटा असतो. ती अडवणारे बॅरिसिटिनिब हे औषध तीव्र चाईसाठी अमेरिकेत जून २०२२ मध्ये, रिटलेसिटिनिब २०२३ मध्ये आणि ड्युरुक्सोलिटिनिब २०२४ मध्ये मंजूर झाले. चाईत मूळपेशी सहसा वाचतात, म्हणून पूर्ण गुळगुळीत डोक्यावरही पुन्हा केस येऊ शकतात. पण ही औषधे प्रतिकारशक्ती दाबतात. गंभीर संसर्गाचा इशारा त्यांच्यासोबत असतो आणि क्षयरोगाची तपासणी केल्याशिवाय ती सुरू करत नाहीत. भारतात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

केमोथेरपीचे औषध वेगाने विभागणाऱ्या प्रत्येक पेशीला लक्ष्य करते. केसाच्या मुळातील पेशींच्या डीएनएला इजा होताच पी५३ हे प्रथिन मरणाची आज्ञा देते. पी५३ नसलेल्या उंदरांचे केस अशा औषधाने गळले नाहीत, असे २००० मध्ये दिसले. पण हेच प्रथिन कर्करोग रोखणारे असल्याने त्याला हात लावणे धोक्याचे. त्यामुळे उपचाराच्या वेळी डोके थंड ठेवून तेथील रक्तप्रवाह कमी करण्याचा मार्ग वापरला जातो. मूळपेशी संथ विभागतात, म्हणून त्या बहुधा बचावतात आणि उपचार संपल्यावर तीन ते सहा महिन्यांत केस परत येऊ लागतात.

उपवासाने केस गळतात का?

‘सेल’ या विज्ञानपत्रिकेत डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी संशोधनाने हा प्रश्न पुढे आणला. दिवसातले १६ तास उपाशी ठेवलेल्या उंदरांच्या कातरलेल्या जागी केस फार सावकाश आले. उपवासात चरबीतून सुटलेली मेदाम्ले केशपुटकाच्या जाग्या झालेल्या मूळपेशींभोवती साठली, ऑक्सिडीकारक ताण वाढला आणि त्या पेशी मेल्या. ४९ निरोगी तरुणांवरील छोट्या चाचणीत, रोज १८ तास उपवास करणाऱ्यांच्या केसांची वाढ इतरांपेक्षा १८ टक्क्यांनी मंदावली. मात्र माणसांत परिणाम उंदरांपेक्षा खूप सौम्य होता. वजन किंवा मधुमेहासाठी वैद्यकीय सल्ल्याने केलेला उपवास लगेच सोडण्याचे हे कारण नाही. झटपट वजन घटवण्याच्या प्रयोगांत प्रथिने आणि लोह कमी पडून केस गळतात, ते मात्र नक्की. तीव्र ताप, करोना, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया यांनंतरही दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. त्यात केशपुटक मरत नाही. एकाच वेळी पुष्कळ केस विश्रांतीत जातात आणि एकदमच गळतात. बहुतेकदा हे सहा महिन्यांत थांबते.

टकलावर पुन्हा केस उगवतील का?

टक्कल पडलेल्या जागी मूळपेशी जवळपास तितक्याच शिल्लक असतात, पण त्यांच्यापासून तयार होणाऱ्या पुढच्या टप्प्यातील पेशी कमी होतात, असे अमेरिकी संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. म्हणजे बी आहे, पण ते रुजत नाही. लॅक्टेट डीहायड्रोजनेज या विकराचे काम वाढले की निद्रिस्त मूळपेशी जाग्या होतात, हे २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांना उंदरांत आढळले. त्या धाग्यावर बेतलेल्या औषधाच्या मानवी चाचण्या आता सुरू आहेत. मात्र प्रयोगशाळेतील आशा आणि औषधाच्या दुकानातील बाटली यांत मोठे अंतर असते. टक्कल पडलेल्या त्वचेत प्रोस्टाग्लँडिन डी२ तयार करणारे विकर वाढलेले असल्याचे २०१२ मध्ये दिसले, तेव्हाही खूप गवगवा झाला होता. त्या मार्गावर काम करणाऱ्या औषधाने चाचणीत केस वाढवले नाहीत.

ज्या आजारांत दाहामुळे मूळपेशीच नष्ट होऊन त्या जागी व्रण होतो, तेथे आजचे कोणतेही तेल, इंजेक्शन किंवा गोळी केस परत आणू शकत नाही. तेथे वेळेत निदान करून उरलेले केस वाचवणे एवढेच हाती असते. डोक्यावर जळजळ, वेदना, खपल्या किंवा चकचकीत, छिद्रे न दिसणारा डाग असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यास महिन्याचाही उशीर करू नये.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे?

शेगावच्या रुग्णाला फिनास्टेराइड देऊन काही उपयोग झाला नसता, कारण त्याचे ५-अल्फा रिडक्टेज बिघडलेले नव्हते. वयानुसार टक्कल पडणाऱ्याला सेलेनियमच्या गोळ्या देऊन लाभ नाही, जास्त घेतल्यास उलट केस जातील. ‘हेअर, स्किन, नेल्स’ असे लिहिलेल्या पूरक गोळ्यांत अनेकदा सेलेनियम असते, हे खोक्यामागील बारीक अक्षरांत वाचायला मिळते. बाळंतपणानंतर केस गळणाऱ्या स्त्रीला बहुधा औषधापेक्षा धीराची गरज असते, पण हिमोग्लोबिन, लोहसाठा आणि थायरॉइड तपासून पाहणे योग्य ठरते.

केस गळणे हे लक्षण आहे. एकाच नावाखाली किमान अर्धा डझन वेगवेगळ्या घडामोडी असतात. गळती अचानक झाली की हळूहळू, सगळीकडे की ठरावीक जागी, घरात किंवा गावात आणखी कुणाला झाली का, नखांवर परिणाम आहे का, गेल्या तीन महिन्यांत आजारपण, नवे औषध किंवा आहारातील बदल झाला का, या प्रश्नांच्या उत्तरांतून निदानाचा निम्मा रस्ता पार होतो. शेगाव तालुक्यात एकाच वेळी आजोबा, सून आणि नातू यांचे केस गेले, तेव्हाच हा आनुवंशिक टकलाचा प्रकार नाही, हे उघड झाले होते. त्यामुळे तपास डोक्यावरून ताटाकडे वळू शकला.